करीम मोठा की वॉल्टन? आधी छताकडे बघा

ब्रूस लीचा 'गेम ऑफ डेथ' आमच्या पिढीने व्हिडिओ पार्लरमध्ये बघितला. त्यात शेवटाकडे एक ताडमाड उंच माणूस येतो आणि ब्रूस लीच्या पिवळ्या ड्रेसवर छातीच्या मधोमध त्याच्या पायाचा भलामोठा ठसा उमटतो. आम्हाला वाटायचं, हा कुणीतरी नावाजलेला फायटर असणार. तो बास्केटबॉल खेळतो हे मला पुढे पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना कळलं.

त्याचं नाव करीम अब्दुल-जब्बार. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत सर्वाधिक गुणांचा विक्रम १९८४ पासून २०२३ पर्यंत त्याच्या नावावर होता. पण ब्रूस लीशी त्याची ओळख झाली ती त्याआधी, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना. तेव्हा त्याचं नाव होतं ल्यू अल्सिंडर.

आजची पोस्ट त्या विद्यापीठाबद्दल आहे. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे कट्ट्यावर 'गावस्कर की तेंडुलकर' चालतं, तसं अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंवरून चालतं. तिकडे कॉलेजचा खेळ म्हणजे स्नेहसंमेलनातली हौस नव्हे. हजारो प्रेक्षकांची स्टेडियमं, टीव्हीचे करार, पिढ्यानपिढ्यांची निष्ठा. आजोबा ज्या कॉलेजचे, नातू त्याच संघाचा. आणि यूसीएलएच्या माणसांना विचारलं की तुमच्या इतिहासातला सर्वांत मोठा खेळाडू कोण, तर दोन नावं हमखास येतात. एक हा करीम आणि दुसरा बिल वॉल्टन.

आधी दोघांचं खातं बघू.

अल्सिंडर १९६५ मध्ये न्यूयॉर्कहून आला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला बंदी होती, त्यांचा वेगळा संघ असायचा. नोव्हेंबर १९६५ मध्ये पॉली पॅव्हेलियन हे नवं स्टेडियम सुरू झालं आणि पहिल्या वर्षाची पोरं मुख्य संघाविरुद्ध उतरली. मुख्य संघ म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. पोरांनी त्यांना ७५-६० असं हरवलं. अल्सिंडरचे एकट्याचे ३१ गुण! म्हणजे देशातला सर्वोत्तम संघ आपल्याच कॉलेजात दुसऱ्या नंबरवर गेला.

पुढची तीन वर्षं तो मुख्य संघातून खेळला. ८८ विजय, फक्त २ पराभव. तीन वर्षं, तीन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि तिन्ही वेळा अंतिम टप्प्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. दोनपैकी एक पराभव जानेवारी १९६८ मधला, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, ५२ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, ७१-६९. त्या दिवशी तो डोळ्याला झालेल्या दुखापतीसह खेळत होता. दोन महिन्यांनी उपांत्य सामन्यात तोच ह्यूस्टन समोर आला. निकाल १०१-६९. हिशेब चुकता.

आता वॉल्टन. सॅन दिएगोजवळचा लालसर केसांचा मुलगा. मुख्य संघातून खेळला १९७१ ते १९७४. ८६ विजय, ४ पराभव. पहिल्या दोन मोसमांत एकही पराभव नाही, ३०-० आणि पुन्हा ३०-०. यूसीएलएची सलग ८८ विजयांची मालिका मुख्यतः त्याच्याच काळात झाली. आणि १९७३ ची फायनल! मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ वेळा बास्केटवर चेंडू मारला, २१ वेळा आत गेला. एकूण ४४ गुण. फायनलमध्ये, दडपणाखाली, २२ पैकी २१. जाणकारांमध्ये कॉलेजच्या इतिहासातला सर्वोत्तम सामना म्हणून आजही तो सांगितला जातो.

त्याच्या बाजूचे म्हणतात, वॉल्टन पास चांगला द्यायचा, रिबाउंड जास्त घ्यायचा, सोबतच्या चौघांना मोठं करायचा. करीमच्या बाजूचे म्हणतात, अहो, वॉल्टन १९७४ चा उपांत्य सामना हरला. करीम विजेतेपदाशिवाय राहिलाच नाही. वाद इथे साधारण रात्री अकरापर्यंत चालतो.

पण या वादात एक गोष्ट बहुतेकदा निसटते. आकडे कुठल्या नियमांखाली जमा झाले, हे कुणी विचारत नाही.

अल्सिंडरच्या पहिल्याच मोसमानंतर, १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली. डंक म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं. दुखापती होतात, रिंग मोडतात, अशी कारणं दिली गेली. पण लोक त्याला सरळ 'अल्सिंडरचा नियम' म्हणायचे. स्वतः अल्सिंडरला त्यात भेदभावाचा वास आला आणि तसं तो तेव्हाच बोलला. कारण डंक ही तेव्हा मुख्यतः कृष्णवर्णीय खेळाडूंची ओळख होत चालली होती. बंदी १९७६ पर्यंत टिकली, म्हणजे वॉल्टनही तिच्याखालीच खेळला. अल्सिंडरने मग आपला हुक शॉट घासूनपुसून असा केला की पुढची वीस वर्षं तो कुणाला अडवता आला नाही.

आणि दोघेही काही नुसते चेंडूवाले नव्हते. १९६७ मध्ये मुहम्मद अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, तेव्हा क्लीव्हलंडमध्ये मोठमोठे कृष्णवर्णीय खेळाडू त्याला पाठिंबा द्यायला जमले. त्यात वीस वर्षांचा अल्सिंडर होता, अजून विद्यार्थी. पुढच्या वर्षी तो मेक्सिको ऑलिंपिकला गेलाच नाही. ज्या देशात माझ्या माणसांना ही वागणूक, त्याच्यासाठी पदक कसं आणू, असा त्याचा सवाल होता. वॉल्टन तर मे १९७२ मध्ये युद्धविरोधी निदर्शनांत पकडला गेला. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, पोलिसांच्या ताब्यात. दोघांचे कोच जॉन वुडन. बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवणारा, केस आणि दाढीवरून पोरांना तंबी देणारा जुन्या वळणाचा मास्तर. त्याच्या हाताखाली ही दोन बंडखोर पोरं. यावर वेगळी पोस्ट होईल.

असो. आता सांगा, यूसीएलएतर्फे सर्वाधिक गुण कुणाचे? करीम? नाही. त्याचे २,३२५. वॉल्टन? नाही. पुरुषांमध्ये डॉन मॅक्लीन, २,६०८ गुण, १९९२ मध्ये बाहेर पडला. पण त्याला चार वर्षं खेळायला मिळालं, करीमला तीनच.

आणि मॅक्लीनसुद्धा पहिला नाही. पहिली आहे डेनिस करी. १९७७ ते १९८१. ३,१९८ गुण. तेही तीन गुणांची रेषा कॉलेजच्या खेळात येण्याच्या आधी.

नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं.

१९९० मध्ये यूसीएलएने आपल्या काही थोर बास्केटबॉलपटूंचे क्रमांक एकाच समारंभात कायमचे निवृत्त केले. म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, जर्सी स्टेडियमच्या छताला टांगायची. जर्सी चार होत्या. करीमची ३३, वॉल्टनची ३२, करीची १२ आणि ॲन मायर्सची १५. दोन पुरुष, दोन बायका. रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या वादात मात्र नावं दोनच.

मायर्सची गोष्ट तर ऐकाच. अमेरिकेत १९७२ साली कायदा आला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्यानंतर दोन वर्षांनी यूसीएलएने तिला खेळासाठी चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप दिली. अशी स्कॉलरशिप मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७८ च्या एका सामन्यात तिने २० गुण, १४ रिबाउंड, १० असिस्ट आणि १० वेळा चेंडू हिसकावणं, असा चौफेर पराक्रम केला. त्याच वर्षी पॉली पॅव्हेलियनमध्ये, घरच्या मैदानावर, मेरीलँडला ९०-७४ असं हरवून यूसीएलए राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या वर्षी इंडियाना पेसर्स या पुरुषांच्या एनबीए संघाने तिच्याशी करार केला. अंतिम संघात जागा मिळाली नाही, पण चाचणीत ती पुरुषांसोबत उतरली.

मग ते १९७८ चं विजेतेपद यूसीएलएच्या एनसीएए विजेतेपदांच्या यादीत असेल ना? नाही. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना, पण बायकांच्या बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तिने सुरूच केली १९८२ मध्ये. त्याआधी बायकांचे खेळ एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना चालवायची. एनसीएएने हे क्षेत्र ताब्यात घेतल्यावर ती बंद पडली आणि तिच्या काळातले विक्रम वेगळ्या वहीत राहिले. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क विक्रमाच्या मागे होती तेव्हा अमेरिकेला अचानक आठवलं की कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डचे ३,६४९ गुण एनसीएएच्या नोंदीत धरलेच जात नाहीत.

हे वाचताना मला माझीच एक बातमी आठवली. नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मुलांच्या फायनलला मी फोटोसह तीन कॉलम दिले. मुलींच्या फायनलला शेवटची एक ओळ, 'मुलींच्या गटात अमुक महाविद्यालय विजयी'. गुण नाहीत, नाव नाही. दोन दिवसांनी त्या संघाची कॅप्टन ऑफिसात आली. भांडायला नाही. म्हणाली, "सर, नाव असतं तर घरी दाखवलं असतं." मी म्हणालो, पुढच्या वेळी नक्की टाकतो. पुढच्या वर्षी ती संघात नव्हती. का नव्हती, मी विचारलं नाही. तेव्हा सुचलंही नाही.

नोंदवही आपोआप भरत नाही. ती कुणीतरी माझ्यासारखा माणूस भरतो.

याच विद्यापीठाचं आणखी मागचं पान उघडा. १९४० आणि १९४१, सलग दोन मोसम आपल्या विभागात सर्वाधिक गुण करणारा यूसीएलएचा खेळाडू होता जॅकी रॉबिन्सन. हो, तोच, ज्याने १९४७ मध्ये अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडली. त्याच साली यूसीएलएचा डॉन बार्क्सडेल हा कृष्णवर्णीय खेळाडू देशाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंमध्ये निवडला गेला. १९४८ ला लंडनमध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. पण एनबीएची दारं कृष्णवर्णीयांना १९५० मध्ये उघडली. बार्क्सडेल आत गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. ऐन उमेदीची वर्षं बाहेर गेली, त्यांचा आकडा कुठल्या तक्त्यात लिहिणार?

शेवटचं नाव एड ओ'बॅनन. १९९५ ला यूसीएलएने अकरावं विजेतेपद मिळवलं, फायनलमध्ये याचे ३० गुण आणि १७ रिबाउंड. खेळानंतर तो लास वेगासमध्ये गाड्या विकायच्या नोकरीला लागला. एकदा ओळखीच्या घरी मुलाच्या व्हिडिओ गेममध्ये त्याने स्वतःलाच बघितलं. तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा, तशीच अंगकाठी. फक्त नाव नाही. पैसे गेम कंपनीला, वाटा एनसीएएला, आणि खेळाडूला शून्य. २००९ मध्ये त्याने एनसीएएवर खटला भरला. लक्षात घ्या, २०१० मध्ये पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार झाला तो १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा. खेळणाऱ्यांना मात्र स्कॉलरशिप तेवढी. २०१४ मध्ये कोर्टाने ठरवलं की एनसीएएचे हे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात. अपिलात त्यातलं काही टिकलं, काही नाही, पण तडा गेला तो गेला. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवू शकतात. २०२५ मधल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

आज तिथल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या खात्यात जे पैसे पडतात, त्यामागे या गाड्या विकणाऱ्या माणसाचा हट्ट आहे. त्याच्यापेक्षा चांगले खेळाडू यूसीएलएत डझनभर झाले असतील. त्याच्याइतका पुढच्यांच्या उपयोगी पडलेला मात्र शोधावा लागेल.

मग मोठा कोण? पळ काढत नाही, मत सांगतो. निव्वळ मैदानावर म्हणाल तर करीम. तीन वर्षांत तीन विजेतेपदं, आणि त्याला रोखायला खेळाचा नियम बदलावा लागला असं लोक म्हणत, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. एकच सामना निवडायचा तर वॉल्टन, १९७३. पण यादी पाच जणांची असेल आणि तिच्यात मायर्स आणि करी नसतील, तर ती यूसीएलएची यादी नाही, यूसीएलएच्या पुरुषांची यादी आहे. तसं वर लिहा, माझी हरकत नाही.

आपल्या कॉलेजचा, आपल्या गावचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वाद घाला की. जरूर घाला. फक्त एक करा. कमेंटमध्ये नाव लिहाल तेव्हा एका मुलीचंही लिहा. आठवत नसेल तर जुन्या खेळाच्या सरांना फोन लावा, त्यांना आठवत असेल. आलेली सगळी नावं मी या वेळी छापणार आहे. पूर्ण नावासकट.