छत्तीस हर्ट्झची कुळकथा

कारंजा तालुक्यातल्या धनजला मृगाची वीज कडाडली, की वावरातली माणसं हातचं काम टाकून घराकडे धावतात आणि झाडाखाली थांबू नका म्हणून पोरांना दटावतात. वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत विझते, पण तिचं सगळंच तिथं संपत नाही. खाली जमीन, वर वातावरणातला आयनांबर हा थर, दोन्ही वीजवाहक. मधल्या पोकळीत विजेच्या अतिमंद लहरी कोंडल्या जातात आणि सेकंदाला साधारण साडेसात वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. जगात कुठे ना कुठे विजा सतत चमकत असतातच, त्यामुळे ही पोकळी कधी गप्प बसत नाही. धनजच्या विजेचाही त्यात वाटा असतो.

१९५२ मध्ये म्युनिकच्या विनफ्रीड ओटो शुमान यांनी या लहरींचं गणित मांडलं. १९५४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट क्योनिग यांनी त्या मोजायचा प्रयत्न केला, आणि १९६० मध्ये अमेरिकेत बाल्सर आणि वॅग्नर यांना सुमारे ८, १४ आणि २० हर्ट्झची शिखरं स्वच्छ दिसली. ठरावीक वारंवारतांना लहरी अशा जोर धरतात, त्याला म्हणतात शुमान अनुनाद.

अशा मोजणीत सगळ्यात जास्त छळते ती माणसाचीच वीज. मुंबईने हे फार आधी ओळखलं होतं. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होतं. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा यासाठी दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली गेली. मला ही दोन वर्षं फार मोलाची वाटतात. उपकरण काय सांगतं यापेक्षा ते कोणाचं ऐकतंय, हे आधी तपासायचं असतं.

हाच प्रश्न पुढे पृथ्वीबाहेरही उभा राहिला. १४ जानेवारी २००५ रोजी युरोपचं हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर पॅराशूटने सुमारे अडीच तास उतरत होतं. त्याच्या बाजूला पसरलेल्या दांड्यांवरच्या विद्युताग्रांना ३६ हर्ट्झच्या आसपास एक बारीक, पण चिवट संकेत सापडला. टायटनचा घेर सुमारे १६ हजार किलोमीटर, पृथ्वीच्या निम्म्याहून कमी, म्हणून तिथले आकडे वर सरकणारच. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बेगाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ हर्ट्झ हा तिथला दुसरा अनुनाद मानला.

पण वीज कुठली? शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान टायटनजवळून शंभरावर वेळा गेलं, तरी विजेचा एकही संकेत त्याला मिळाला नाही. बेगाँ यांनी बोट दाखवलं शनीच्या चुंबकीय क्षेत्राकडे. त्यातून टायटन फिरताना त्याच्या वातावरणात उठणारे प्रवाह हीच इथली वीज, असं त्यांचं म्हणणं. दुसरी अडचण याहून मोठी होती. पोकळीला खालून वीजवाहक तळ हवा, आणि टायटनच्या कवचाचं बर्फ तर या लहरींना आरपार जाऊ देतं. मग तळ कुठे? बर्फाखाली ५५ ते ८० किलोमीटरवर, खारट पाण्याच्या समुद्रात! एका बारीक आकड्यावरून दडलेला समुद्र ओळखायचा, या धाडसाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तरी शंका राहिली. मोठं पॅराशूट सुटून लहान उघडलं तेव्हा यानाचं हलणं बदललं, आणि संकेतही त्याच सुमारास बदलला. ग्रहशास्त्रज्ञ राल्फ लॉरेन्झ आणि अ‍ॅलिस ल गॉल यांनी २०२० मध्ये सगळं पुन्हा तपासलं. दांड्यांच्या थरथरीतूनच हा संकेत आला असावा, असा त्यांचा निष्कर्ष. समुद्राच्या बाजूने गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीतूनही पुरावा आला आहे, पण तो वाद वेगळा.

मला लॉरेन्झ यांची बाजू जड वाटते. यान स्वतः हलत असताना, तेही एकदाच घेतलेली ही नोंद. तिच्या जोडीला ठेवायला दुसरी नोंदच नाही. ती आणायला नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८ मध्ये निघणार आहे. २०३४ मध्ये ते टायटनवर उतरेल, आणि त्याच्यावरही विद्युतक्षेत्र मोजणारी उपकरणं असतील. या वेळी मोजणी जमिनीवर स्थिर उभं राहून होईल, आणि एकाहून अधिक ठिकाणी.