भाग १४ : वारस खरा की खोटा? साताऱ्याच्या गादीचा पेच

ज्यांना प्रवासात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लेखी भाग. आज जायचंय साताऱ्याला, १७४९ सालात.

थोरले शाहू महाराज आजारी आहेत. औरंगजेबाच्या कैदेत लहानाचे मोठे झालेले, १७०७ मध्ये सुटलेले आणि १७०८ पासून साताऱ्याच्या गादीवर असलेले शाहू. त्यांच्या काळात मराठ्यांची घोडी उत्तरेत दूरवर पोचली. पण गादीला मुलगा नाही. मग पुढे कोण?

पहिलं नाव कोल्हापूरच्या संभाजींचं. राजाराम महाराजांचा मुलगा, म्हणजे शाहूंचा सख्खा चुलतभाऊ. पण या दोघांचं आधी जोरदार भांडण झालेलं. १७३१ च्या वारणेच्या तहात वारणा नदी ही दोन्ही राज्यांची सीमा ठरली. सांगलीकरांनो, हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर आपण भेळ खायला जातो ना, तिथे येऊन मिळते तीच ही वारणा! शाहूंच्या राणी सकवारबाई संभाजींच्या बाजूने होत्या. शाहूंना मात्र ते नको होते. शिवाय संभाजींनाही मुलगा नव्हता, म्हणजे प्रश्न फक्त पुढे ढकलला गेला असता.

इथे एन्ट्री होते ताराबाईंची. राजाराम महाराजांच्या या राणीने एकेकाळी औरंगजेबाशी झुंज दिली होती. आता वय सत्तरीच्या घरात. त्यांनी सांगितलं, माझा एक नातू आहे, रामराजा. त्याच्या जिवाला धोका होता म्हणून आजवर लपवून वाढवला.

जरा थांबून विचार करा. डीएनए टेस्ट नाही, जन्माचा दाखला नाही. पुरावा मुख्यतः एकच, आजीचा शब्द. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा सिस्टीमला घाबरतो. सगळा डोलारा एका खांबावर उभा असेल, तर तो खांब हलला की सगळंच खाली येतं.

शाहूंनी तो शब्द मानला. जाण्याआधी त्यांनी पेशवे बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेबांना स्वहस्ते लिहून दिलं. मतलब असा : राज्य तुम्ही सांभाळा, गादीचा वंश चालवा, कोल्हापूरचा वारस आणू नका. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. सकवारबाई सती गेल्या. जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाला.

ताराबाईंना वाटलं होतं, नातू आपल्या शब्दात राहील. पण त्याच वर्षी सांगोल्याला रामराजाने कारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती दिले. आजी भडकली. २४ नोव्हेंबर १७५० ला तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्यावर, कैदेत टाकलं. पेशव्यांविरुद्ध दमाजी गायकवाडांना गुजरातेतून बोलावलं. दमाजी आले, पण १७५१ मध्ये पेशव्यांच्या हाती सापडले. ताराबाईंना तडजोड करावी लागली.

आणि मग सगळ्यात मोठा ट्विस्ट. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला, खंडोबाच्या साक्षीने, ताराबाईंनी शपथेवर सांगितलं : रामराजा माझा नातू नाही!

एकच बाई. आधी म्हणाली माझा, नंतर म्हणाली माझा नाही. आता तुम्ही म्हणाल, मग त्याला गादीवरून काढलं असेल. नाही! तोतया ठरवलेला तो माणूस १७७७ पर्यंत, मरेपर्यंत छत्रपतीच राहिला. नावाला राजा, प्रत्यक्षात नजरकैदेत. तो खरा की खोटा, याने पुण्याच्या कारभारात काही अडत नव्हतं. उलट दुबळा, संशयाच्या सावलीतला राजा सोयीचाच होता.

मला या गोष्टीतलं हेच टोचतं. भांडण सुरू झालं ‘वारस कोण’ म्हणून. संपलं तेव्हा तो प्रश्नच कुणाला नको होता. ज्याच्या हातात फौज, खजिना आणि शाहूंचा तो कागद, त्याच्याकडे राज्य गेलं. कारभाराची राजधानी साताऱ्याहून पुण्याला सरकली, तीही गादी न हलवता. आणि रामराजा? त्याला कुणी लपवलं, कुणी आणलं, कुणी बसवलं, कुणी कोंडलं. ‘तुला काय हवंय?’ हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

रामराजालाही मुलगा नव्हता. दत्तक घ्यावा लागला, तो दुसरा शाहू. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निपुत्रिक गेले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण तो मान्य करायचा की नाही हे आता लॉर्ड डलहौसीच्या हातात होतं. त्याने नाकारलं आणि सातारा खालसा झालं. त्याच्या खालसा धोरणात पहिला बळी गेला तो साताऱ्याचा.

म्हणजे शंभर वर्षांत वारस कोण यापेक्षा महत्त्वाचं काय ठरलं? वारस कोण हे ठरवायचा अधिकार कुणाकडे आहे, ते.

साताऱ्याला गेलात तर अजिंक्यताऱ्यावर नक्की चढा. वरून अख्खं शहर दिसतं. ज्या राजाला खाली उतरायची परवानगी नव्हती, त्याला ते कसं दिसत असेल? तुम्हाला काय वाटतं, ताराबाई पहिल्यांदा खोटं बोलल्या की दुसऱ्यांदा? व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात!