काल्यात कुणाची शिदोरी?

माउली, आपल्या सणांना बहुधा देवाचे किंवा तिथीचे नाव असते. एका सणाला मात्र खाण्याच्या पदार्थाचे नाव आहे: गोपाळकाला. लाह्या, पोहे, दही, काकडी, लोणचे सारे एकत्र कालवले की काला झाला.

याचे मूळ भागवताच्या दशम स्कंधात आहे. श्रीकृष्ण गोपाळांसह यमुनेकाठी शिदोऱ्या सोडून जेवला. संतांनी ही कथा मराठी मुलखात रुजवली. कुणाची भाकरी शिळी, कुणाची ताजी. देवाने सगळ्यांची एकत्र केली. आपल्या परंपरेत सांगतात की, त्या उष्ट्यासाठी स्वर्गातले देव यमुनेत मासे होऊन आले. देवाने हात पाण्यात धुतलेच नाहीत, घोंगडीला पुसले. देवांना न मिळालेला घास गुराख्यांना मिळाला.

म्हणून आपला सोहळा काल्यावाचून पुरा होत नाही. आषाढीची वारी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने संपते, गावचा सप्ताह काल्याच्या कीर्तनाने.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणलाही तेच. शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी यांची पुण्यतिथीही हीच. षष्ठीला दिंड्या येतात, आणि अष्टमीला सूर्य मावळताना समाधी मंदिरात काल्याची हंडी फुटते. मगच नाथषष्ठीची सांगता होते.

हा काला पैठणला शोभतो, कारण नाथांनी तो आधी घरी केला होता. श्राद्धासाठी शिजवलेले अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढले आणि ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, असे चरित्रकार सांगतात.

पण पुढचा इतिहासही विसरू नये. पंढरीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. नाथांनंतर सुमारे साडेतीनशे वर्षे आपण काला खात राहिलो, आणि विठोबाची लेकरे दाराबाहेर उभी राहिली. काला हातात होता, अंगी उतरला नव्हता.

तेव्हा माउली, यंदा काल्याचा प्रसाद ओंजळीत घ्याल, तेव्हा एवढे पाहा. गावातल्या कोणत्या वस्तीची शिदोरी अजून यात आलेली नाही? ती आणायला आपणच जावे. वाट पाहत बसू नये. देवही गोपाळांकडे आपणहून गेला होता.

रामकृष्णहरी!