असुरबनिपाल
१. असुरबनिपाल : असिरियाचा अखेरचा बलाढ्य राजा, कारकीर्द इ.स.पू. ६६९ ते सुमारे ६३१. राजधानी निनवे, म्हणजे आजच्या इराकमधील मोसुल. बाबिलोनच्या गादीवरील भाऊ शमश-शुम-उकिन याचे बंड (इ.स.पू. ६५२-६४८) त्याने मोडले, पुढे एलामचे सुसा नगर लुटले. आपण तलवारीसाठी नव्हे, तर ग्रंथालयासाठी त्याचे ऋणी आहोत. स्वतःच्या अक्षरज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्या या राजाने दूरदूरहून मातीच्या लेखपाट्या मिळवल्या, नकला करवून घेतल्या. इ.स.पू. ६१२मध्ये निनवे जळाले. त्या आगीत कित्येक पाट्या भाजून पक्क्या झाल्या व टिकल्या. एकोणिसाव्या शतकातील उत्खननात त्या सापडल्या, आणि ‘गिल्गामेश’ महाकाव्य जगाला पुन्हा गवसले.