ओक शाळेची यादी

नव्या वर्गाचा हजेरीपट हाती येतो, तेव्हा त्याबरोबर बहुधा थोडी तोंडी माहितीही येते. ‘हा हुशार आहे, याच्याकडे लक्ष द्या.’ ‘मागच्या बाकावरच्या तिघांकडून फारशी अपेक्षा ठेवू नका.’ सांगणाऱ्या सहकाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अशा सांगण्याचा मुलांच्या प्रगतीवर खरोखर परिणाम होतो का? हे प्रयोगाने तपासण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९६४ साली अमेरिकेत सुरू झाला. तो प्रयोग शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहेच. नंतर त्याची जी कसून तपासणी झाली, तीही तितकीच जाणून घेण्यासारखी आहे.

उंदरांकडून मुलांकडे

रॉबर्ट रोझेन्थल हे मानसशास्त्रज्ञ, प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षेमुळे निष्कर्ष कसे बदलतात याचा अभ्यास करीत होते. त्यांनी व कर्मिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ पांढरे उंदीर दिले. काहींना सांगितले की तुमचे उंदीर चक्रव्यूहातून वाट काढण्यात हुशार अशा वाणाचे आहेत. इतरांना सांगितले की तुमचे मंद वाणाचे आहेत. वास्तविक सगळे उंदीर एकसारखेच होते. तरीही ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस भरली!

१९६३ सालच्या एका लेखात रोझेन्थल यांनी सुचवले की उंदरांच्या बाबतीत घडते ते शाळेतल्या मुलांच्या बाबतीतही घडत असू शकेल. कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी तो लेख वाचला आणि पत्र लिहून मदत देऊ केली.

पुढे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या शाळेला ‘ओक स्कूल’ असे टोपणनाव दिले आहे. वस्ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. सुमारे एक षष्ठांश मुले मेक्सिकन वंशाची होती. पहिली ते सहावीपर्यंत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या: जलद, मध्यम आणि मंद. वाटणी मुख्यतः वाचनाच्या गतीवरून होई आणि मंद तुकडीत मेक्सिकन मुलांचे प्रमाण शाळेतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त असे. ‘अ’, ‘ब’, ‘क’ तुकड्या पाहिलेल्या आपल्याला हे चित्र परके वाटू नये.

प्रयोग

१९६४ च्या वसंतात मुलांची एक बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. कोणती मुले लवकरच बौद्धिक झेप घेणार हे या चाचणीतून कळते, असे शिक्षकांना सांगण्यात आले. सप्टेंबरात प्रत्येक शिक्षकाला अशा काही मुलांची नावे मिळाली. ती सुमारे २० टक्के होती. चाचणीतल्या गुणांशी या नावांचा काहीही संबंध नव्हता. ती यदृच्छया, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली होती.

वर्षअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेतली. यादीतल्या ६५ मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १२.२ ने वाढला होता, तर इतर २५५ मुलांचा ८.४ ने. पहिलीत हा फरक मोठा होता: २७.४ विरुद्ध १२. दुसरीतही तो ठळक होता. तिसरीपासून पुढे मात्र विशेष फरक नव्हता.

आणखी एक निरीक्षण अस्वस्थ करणारे होते. यादीत नसलेल्या काही मुलांनीही चांगली प्रगती केली होती. शिक्षकांनी त्यांचे कौतुक करावे असे आपल्याला वाटेल. परंतु शिक्षकांनी केलेल्या मूल्यमापनात, विशेषतः मंद तुकडीतल्या अशा मुलांविषयीचे मत उलट प्रतिकूल होते. अपेक्षा नसताना पुढे गेलेले मूल जणू शिक्षकाला खटकत होते.

बुद्ध्यांक ३१?

१९६८ साली पुस्तक प्रसिद्ध झाले आणि गाजले. त्याच वर्षी मापनशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी आकडेवारी तपासून कठोर टीका केली. पहिलीच्या एका वर्गाचा तर्कविषयक बुद्ध्यांक सरासरी अवघा ३१ निघाला होता. नेहमीच्या शाळेत येणाऱ्या अख्ख्या वर्गाची सरासरी इतकी खाली असणे शक्यच नाही. म्हणजे मुलांना चाचणीच नीट कळलेली नव्हती. आरंभबिंदू असा डळमळीत असेल तर त्यापासून मोजलेल्या ‘वाढी’वर किती विश्वास ठेवायचा? शिवाय पहिलीतली यादीतली मुले होती फक्त ७. कित्येक शिक्षकांना तर यादीतली नावे नंतर आठवतही नव्हती.

मग सगळेच खोटे होते का? स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. ज्या शिक्षकांना मुले दोन आठवड्यांहून अधिक काळ परिचयाची होती, त्यांच्यावर बाहेरून आलेल्या माहितीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. परिचय नवा असताना मात्र थोडा परिणाम दिसत होता आणि तो पहिली, दुसरी व सातवी या इयत्तांत होता. अमेरिकेत सातवीत अनेक मुलांची शाळा बदलते, हे येथे लक्षात घ्यावे. ली जुसिम व केंट हार्बर यांनी २००५ साली घेतलेल्या आढाव्यातही परिणाम सहसा लहानच दिसला; मात्र ज्या समाजगटांवर आधीच शिक्का बसलेला आहे, त्यांच्या बाबतीत तो अधिक असू शकतो, असे त्यांनी नोंदवले.

आठवा दिवस

ओक शाळेत यादी संशोधकांनी दिली होती. एरवी ती कोण बनवते? रे रिस्ट यांनी कृष्णवर्णीयांच्या एका शहरी शाळेतल्या बालवर्गाचे निरीक्षण करून १९७० साली लेख लिहिला. शाळेच्या आठव्याच दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. कोणतीही बुद्धिमापन चाचणी झालेली नव्हती. पहिल्या टेबलावरची मुले नीटनेटक्या कपड्यांतली, प्रमाण इंग्रजी बोलणारी आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली होती. बाईंचा वेळ व लक्ष मुख्यतः त्यांनाच मिळे. दुसरीपर्यंत ही विभागणी बव्हंशी टिकून राहिली. तेव्हा गटांची नावे होती ‘वाघ’, ‘कार्डिनल पक्षी’ आणि ‘विदूषक’. एव्हाना मुलांच्या गुणांतही फरक पडलेला होता. त्यामुळे वाटणी योग्यच होती, असे कोणालाही आकडे दाखवून म्हणता आले असते.

शाळेच्या निकालपत्रात गरिबी, भाषा किंवा वंश आणि गुण यांचा संबंध दिसतो, तेव्हा त्या संबंधाचा किती भाग घरातून आला आणि किती वर्गात तयार झाला, हे केवळ गुणांकडे पाहून सांगता येत नाही. शिक्षकाच्या अपेक्षेने चमत्कार होतात हा दावा तपासणीत टिकला नाही. पण ओळख होण्यापूर्वीचे मत थोडेफार काम करते आणि प्रत्यक्ष ओळख झाली की बाहेरून आलेल्या शेऱ्याचा जोर ओसरतो, एवढे टिकले. यातून शिक्षकाला करता येण्याजोगी एक साधी गोष्ट निघते. जूनमध्ये सहकाऱ्याने दिलेली माहिती दोन आठवडे बाजूला ठेवावी, प्रत्येक मुलाविषयी स्वतः पाहिलेले लिहून काढावे आणि मग दोन्ही ताडून पाहावे.