महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालय : वर्गणीदारांपासून सर्वसामान्य वाचकांपर्यंत (देवरी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
ग्रंथालय हे लोकशिक्षणाचे प्रभावी साधन मानले जाते. तथापि 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ प्रत्येक काळात सारखाच राहिलेला नाही. ग्रंथालयाचे दार कोणासाठी उघडे होते आणि त्याचा खर्च कोण करीत होते, या दोन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात या बदलाचा आढावा घेतला आहे.

प्रारंभीचा कालखंड :
रत्नागिरी (१८२८) आणि नाशिक (१८४०) येथील वाचनालये महाराष्ट्रातील आद्य वाचनालयांपैकी होत. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. या संस्था वर्गणी व देणग्यांवर चालत. त्यामुळे त्यांचा लाभ प्रामुख्याने इंग्रजी शिक्षण घेतलेला नोकरदार आणि सधन वर्ग घेत असे. पुढे १८९३ मध्ये ठाणे येथे व १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. मराठी ग्रंथांचा संग्रह हेच ध्येय ठरल्याने वाचकवर्ग विस्तारला. पण वर्गणीची अट कायम राहिली.

कायद्याची पार्श्वभूमी :
१९३९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची योजना सुचविली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतंत्र ग्रंथालय कायदा केला, तर हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा होता. विदर्भ मात्र १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि तेथे असा कायदा नव्हता. साहजिकच विदर्भातील ग्रंथालये स्थानिक दात्यांच्या व कार्यकर्त्यांच्या बळावरच उभी राहिली. १ मे १९६८ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे या भिन्न परंपरा प्रथमच एका चौकटीत आल्या.

या कायद्याने ग्रंथालय निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये देण्याची तरतूद केली. मात्र मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालय उपकर लावला नाही. ग्रंथालये स्वयंसेवी संस्थांकडेच राहिली. शासन अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार अनुदान देते. परिणामी जेथे दाते व वर्गणीदार अधिक, तेथे ग्रंथालय सहज वरच्या वर्गात जाते. विरळ वस्तीच्या, अल्प उत्पन्नाच्या भागात ते खालच्या वर्गातच अडकते.

देवरीच्या संदर्भात :
पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला देवरी तालुका १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. छत्तीसगडच्या सीमेवरील या वनव्याप्त, आदिवासीबहुल भागात मराठीबरोबर गोंडी, हिंदी व छत्तीसगढीही बोलल्या जातात. अशा ठिकाणी केवळ ग्रंथांची देवघेव पुरेशी ठरत नाही. वृत्तपत्रांसाठी मुक्तद्वार वाचनकक्ष, स्पर्धा परीक्षार्थींसाठी अभ्यासिका, बालविभाग, वनहक्क व शासकीय योजनांची माहिती आणि दूरच्या पाड्यांपर्यंत जाणारी फिरती पेटी या सेवा येथे मूलभूत होत. घरात अभ्यासाला जागा नसलेल्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासिकेतील एक टेबल व दिवा ही लहान सोय नव्हे.

निष्कर्ष :
वर्गणीने ग्रंथालय उभे केले आणि कायद्याने त्याला आधार दिला. परंतु खर्चाचा मोठा भार स्थानिक ऐपतीवर राहिल्याने समान सेवा निर्माण झाली नाही. म्हणून अनुदान ठरविताना ग्रंथसंख्या व सभासदसंख्या यांबरोबरच प्रदेशाची गरज हाही निकष असावा. तसे झाल्यासच देवरीसारख्या तालुक्यात 'सार्वजनिक' हा शब्द अर्थपूर्ण ठरेल.