स्थलरेखाटन
स्थलरेखाटन : रोजच्या प्रवासात वा सुटीच्या भटकंतीत समोर दिसणारे दृश्य छायाचित्रावरून न उतरवता जागच्या जागी वहीत रेखाटण्याचा चित्रप्रकार. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) तरुणपणी सचित्र दैनंदिनी ठेवीत आणि गावातील माणसे, सण व घरगुती प्रसंग तीत टिपत. त्यांतील काही दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील सिॲटलचे पत्रकार-चित्रकार गाब्रिएल कांपानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या उपक्रमामुळे हा छंद जगभर संघटित झाला व २०१० मध्ये पोर्टलंड येथे त्याचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले.

लोकल रेल्वेच्या डब्यात रेखाटताना समोरचा प्रवासी पुढच्याच स्थानकावर उतरण्याचा संभव असल्याने प्रथम डोके, खांदे व पाठीचा कल सलग रेषेत पकडतात आणि कपड्यांच्या चुण्या, पिशव्या, कड्यांना धरलेले हात हे तपशील नंतर भरतात. डुलकी घेणारा प्रवासी स्थिर असल्याने नवशिक्यास सोयीचा ठरतो. खिशात मावणारी वही, जलरोधक शाईचे पेन आणि दांड्यातच पाणी साठवणारा जलकुंचला एवढे साहित्य स्थलरेखाटनास पुरते. चित्राखाली स्थळ व दिनांक नोंदवण्याच्या प्रथेमुळे अशा वह्यांना बदलत्या शहराच्या दस्तऐवजाचे मोल येते.